तोफगाडा कुठे उभा करावा

लढाई मी कधी पाहिली नाही. बंदूक हातात धरली नाही, धरायची हौसही नव्हती. पण तोफगाडा पायदळावर कसा घालावा, कुठे उभा करावा, कधी गप्प ठेवावा आणि कधी बोलू द्यावा, हे मला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन. हे ज्ञान मी मुंबईच्या कोट भागातल्या एका सागवानी टेबलावर मिळवलं. त्याचा मला त्या काळी फार अभिमान होता. मरायच्या आधी ते एकदा लिहून टाकावं म्हटलं, म्हणजे मला भला माणूस म्हणणाऱ्यांची जरा पंचाईत होईल.

ती अठराशे नव्वदच्या पुढची वर्षं. मी गिरगावात तिघा कारकुनांबरोबर एका खोलीत राहत होतो आणि एका नकाशांच्या कचेरीत नकाशे उतरवून काढत होतो. मोठ्या नकाशावर पातळ आरपार दिसणारं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उठवायची, हे माझं काम. आमच्या घरात कोट घालून कचेरीत जाणारा मी पहिलाच, आणि तो कोट माझ्या अंगावर चढला तो दादामुळे. दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, लालबागच्या गिरणीत मागावर होता. वडील गेले तेव्हा त्याने मला गावाहून आणलं आणि इंग्रजी शाळेत घातलं. स्वतः तो सगळीकडे अंगठाच उठवायचा. मी इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचू लागलो की तो समोर बसून ऐकत राहायचा, अक्षर कळत नसे तरी.

दादा राहायचा ती आमच्या गावची खोली. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसांची रीतच तशी होती, एकेका गावची एकेक खोली. भिंतीला लावलेल्या वळकट्या, खुंटीवर टांगलेले सदरे आणि सगळ्यांची मिळून एक चूल. कुणी आजारी पडला तर खोली त्याला बघणार, मेला तर खोली त्याला नेणार, आणि वाकडं वागला तर खोली गावाला कळवणार. मुंबईत राज्य कुणाचंही असो, आमच्या माणसांचं सरकार ती खोली. आणि एक गोष्ट सगळ्यांच्या अंगात मुरलेली. कुठे आग लागली, मारामारी झाली, काहीही गडबड झाली, की प्रत्येकाने आधी खोलीवर यायचं आणि डोकी मोजायची. एक जरी डोकं कमी भरलं तरी बाकीचे पुन्हा शोधायला बाहेर पडणार. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पोरगा गावाहून आला की चार दिवसांत त्याला ते आपोआप कळायचं.

त्या खोलीत एक जण होता, गावात आमच्या घराला लागून त्याचं घर. त्याला मी इथे शेजारीच म्हणेन. विधवा आईचा एकुलता एक. स्वभावाने थट्टेखोर, हाताने उदार. मी मुंबईत नवा आलो तेव्हा रस्ता चुकून रडत बसलो होतो, तर ह्याने मला शोधून काढलं आणि खांद्यावर बसवून खोलीवर आणलं. पुढे मी कोट घालू लागल्यावर तो मला 'साहेबा' म्हणून हाक मारायचा. मला ती हाक आवडायची नाही आणि आवडायचीही.

आता त्या टेबलाकडे येतो. आमच्या कचेरीतला साहेब आठवडाभर इंजिनियर आणि शनिवारी दुपारनंतर कप्तान. गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि अंमलदारांनी मिळून एक हौशी पलटण काढली होती, तिचा तो कप्तान. दर शनिवारी ह्या मंडळींचा एक खेळ चालायचा. टेबलावर नकाशा पसरायचा, त्यावर तांबड्या आणि निळ्या लाकडी सोंगट्या मांडायच्या. तांबडं आपलं सैन्य, निळं शत्रूचं. एकेका डावात कुणी किती चालायचं ते सुतळीने मोजायचं, गोळीबाराला फासे टाकायचे, आणि कोष्टकात बघून मेलेल्या सोंगट्या उचलायच्या. कचेरीतले पट्टेवाले त्याला साहेबांचा सारीपाट म्हणत. नकाशे उतरवायला मी, सुतळी धरायला मी, आणि कोष्टक वाचून मेलेले उचलायलाही मीच. शनिवारची अर्धी सुट्टी गेली म्हणून पहिल्यांदा मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. दोन महिन्यांत असा नाद लागला की शनिवारची वाट बघू लागलो.

त्या खेळातली सगळ्यांची लाडकी वस्तू म्हणजे तोफगाडा. दोन घोड्यांची गाडी, बाजूंना लोखंडी पत्रा, आणि आत दांडा फिरवला की गोळ्यांची धार लावणारी अनेक नळ्यांची तोफ. टेबलावर तो म्हणजे पितळेचा एक ठोकळा. प्रत्येकाला तो आपल्या हातात हवा असायचा आणि कुणालाही तो वापरता येत नव्हता. पितळ दिसलं की ह्यांना वाटायचं आता धावायचं. घोडे भरधाव सोडायचे नि थेट निळ्या पायदळात घुसायचं. पायदळ दोन बाजूंना फाटायचं, गाडा मधून पुढे निघून जायचा, आणि मागून कुणीतरी येऊन तो काबीज करायचं. मग आरडाओरडा, फासेच चुकीचे पडले म्हणून.

फासे बिचारे काय करणार? मी कोष्टक वाचून वाचून पाठ केलं होतं आणि त्यात सगळं स्पष्ट होतं. चालत्या गाड्यातून गोळी सुटत नाही. थांबायला अर्धा डाव जातो, तोफेचं तोंड वळवायला अर्धा. तोफेला फक्त समोरचं दिसतं. बाजूने किंवा मागून चार माणसं जरी जवळ पोचली तरी गाडा गेला. पायदळ पांगलेलं असेल तर गोळ्या बहुतेक हवेत जातात, दाटीने असेल तर प्रत्येक फाशाला रांगच्या रांग उचलावी लागते. म्हणजे गाडा हा धावायचा प्राणीच नव्हे. त्याने पाठीला भिंत घ्यावी. गल्लीच्या आडवं उभं राहू नये, गल्लीच्या तोंडाशी लांबीच्या रोखाने उभं राहावं, म्हणजे पुढचा चुकला तर मागचा सापडतो. दोन्ही बाजूंना आपलं थोडं पायदळ ठेवावं. पांगलेल्यांवर दारूगोळा उधळू नये. ते गोळा होईपर्यंत तोंड मिटून थांबावं. सगळं कौशल्य एवढंच, की माणसं कुठे गोळा होणार ते आधी ओळखायचं आणि त्यांच्या आधी तिथे जाऊन उभं राहायचं. मी हे सगळं जाणून होतो आणि सुतळी धरून मूग गिळून बसत होतो, कारण मला विचारतंय कोण.

पहिल्या वर्षी नकाशे दूरच्या मुलखांचे असायचे. निळ्या सोंगट्या म्हणजे कधी रूस, कधी अफगाण. मग एकदा साहेबाने मला शहराच्या नकाशावरून परळ, लालबाग आणि घोडपदेवचा भाग मोठ्या मापात उतरवायला सांगितला. तो टेबलावर पसरला आणि निळ्या सोंगट्यांच्या डबीवर नवी चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर होतं 'जमाव'. मी काही दुधखुळा नव्हतो. ह्या निळ्या सोंगट्या कोण, ते मला लगेच समजलं. त्याचं वाईट वाटलं का, असं कुणी विचारेल. खरं सांगतो, वाटलं नाही. उलट बरं वाटलं, कारण ह्या नकाशातली प्रत्येक गल्ली माझ्या पायाखालची होती आणि टेबलाभोवतीच्या एकाही साहेबाने त्यातली एकही चालून पाहिली नव्हती.

पुढे एका शनिवारी निळ्या बाजूचा खेळाडू तापाने पडला. साहेब म्हणाला, आज निळं तू चालव. झालं, मला तेवढंच हवं होतं. मी जमाव एकत्र ठेवलाच नाही. गिरणीच्या दारातून सुटला तसा दोन-दोन, तीन-तीन करून घोडपदेवच्या बोळांत सोडला. साहेबाचा तांबडा गाडा नेहमीसारखा धावत आला, रिकाम्या रस्त्यावर दोनदा फासे फुकट घालवले, तिसऱ्यांदा तोंड वळवायला थांबला, आणि मागच्या बोळातून माझ्या पाच सोंगट्या त्याच्या पाठीला भिडल्या. पितळेचा ठोकळा उचलून मी आपल्या बाजूला ठेवला. मला भीती वाटली, आणि सुखही फार झालं.

बाकीचे गेल्यावर साहेबाने मला थांबवून घेतलं. रागावला नव्हता. म्हणाला, बस. मी इकडे-तिकडे बघितलं. त्याने खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. साहेबासमोर खुर्चीत बसायचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग. मी टोकावर टेकलो. तो नकाशावर वाकून विचारू लागला, की तू खेळलास ते ठीक, पण खरोखरचे गिरणीतले लोक असे पांगलेले राहतील का?

इथे मी 'हो साहेब' म्हणून उठलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला खुर्ची मिळाली होती. खेळातली चूक तशीच राहू देणं मला जिवावर आलं. मी म्हणालो, नाही साहेब, ही खेळातली लबाडी झाली. आमचे लोक पांगलेले राहत नाहीत. पळाले की प्रत्येक जण आपल्या गावच्या खोलीकडे जातो, डोकी मोजायला. एक जरी कमी असला तरी बाकीचे तिथून हलत नाहीत. त्यांच्या मागे गाडा धावडवण्यात अर्थच नाही, ते स्वतःच्या पायांनी एका दारात येणार. त्याने शिसपेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, कुठल्या दारात? मी नकाशावर गोल काढले. हे राजापूरकडचे, हे देवगडकडचे, हे घाटावरचे. आमच्या खोलीचाही गोल काढला. तोच सगळ्यांत सुबक आला होता, कारण ती चाळ मला डोळे मिटून काढता आली असती. साहेब म्हणाला, शाबास.

त्यानंतर नियमच नवा झाला. पांगलेला जमाव दोन डावांनी आपापल्या गोलाशी गोळा होतो, असं कोष्टकात लिहिलं गेलं. आणि गाडा चालवायला मला बसवलं. मी तो कधीच धावडवला नाही. चाळीच्या तोंडाशी नेऊन भिंतीला पाठ लावून उभा करायचो आणि वाट बघायचो. निळ्या सोंगट्या एकेक करून गोलात यायच्या. पुरेशा झाल्या की फासे. दर शनिवारी मी जिंकलो. मला मजा आली. ती मजा मी अजून विसरलेलो नाही, आणि स्वतःला माफ करायची वेळ येते तेव्हा नेमकी तीच आडवी येते.

रविवारी खोलीवर गेलो की मी टेबलाच्या गोष्टी सांगत बसे. खुर्चीची गोष्ट दादाने मला तीनदा सांगायला लावली. शेजारी चुलीपाशी बसून हसत होता. म्हणाला, "काय रे साहेबा, त्या टेबलार आमी पण आसंव काय?" मी म्हटलं, छे रे, तिथे रूस नि अफगाण. सगळे हसले. तेव्हा खोटं का बोललो ते मला सांगता येत नाही. खरं बोलण्यासारखं काही नाही एवढं मात्र तेव्हाच कळलं असणार.

दुसऱ्या वर्षी दादाच्या गिरणीत तंटा झाला. कामाचे तास, मुकादमाची अरेरावी, नेहमीचंच. एका सकाळी गिरणीचं दार बंद करून घेतलं, बाहेर माणसं साचली, दगड पडले, मुकादमाच्या खोलीच्या काचा फुटल्या. आम्हाला कचेरीत ह्यातलं काही माहीत नव्हतं. दुपारच्या आत साहेब आला तो पलटणीच्या कपड्यांत, पायात बूट. शनिवार नव्हता. मला म्हणाला, शनिवारचा नकाशा दे.

मी कपाट उघडलं आणि दिला. गुंडाळून, फीत बांधून दिला.

तो गेल्यावर मी माझ्या मेजावर येऊन बसलो. उठून लालबागेला धावत सुटायचं मनात आलं. लगेच दुसरं मन म्हणालं, नकाशा काय, कुठल्याही कामाला लागतो, आणि विनापरवाना उठलास तर उद्या ह्या मेजावर दुसरा कुणी असेल. हातातलं काम अर्धं होतं. मी ते पूर्ण केलं. त्या दिवशी मी कचेरीची वेळ संपेपर्यंत रेघा ओढत होतो, आणि एकही रेघ वाकडी आली नाही.

संध्याकाळी पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. चाळीतल्या बायकांनी सांगितलं ते असं. गिरणीच्या दारातून पोलिसांनी जमाव पिटाळला. माणसं बोळाबोळांनी पळाली. त्यांच्या मागे कुणीच आलं नाही, म्हणून त्यांना वाटलं, सुटलो. आणि खोलीवर यायला लागली. चाळीच्या तोंडाशी भिंतीला पाठ लावून गाडा उभा होता, दोन्ही बाजूंना शिपाई. पहिल्याने येणाऱ्यांना तो आत शिरेपर्यंत दिसलाच नाही. दिसला तेव्हा मागे फिरायला जागा नव्हती, कारण मागून दुसरे येत होते. गोळी एकही सुटली नाही. सुटायची गरजच पडली नाही. जो येईल त्याला धरत गेले. दादा सुटला असता, त्या धराधरीत तो दोघा-तिघांबरोबर पुढच्या दाराने चाळीत शिरून मागे खोलीत पोचला होता. पण डोकी मोजताना शेजारी कमी भरला, म्हणून दादा त्याला शोधायला पुन्हा बाहेर आला. बाहेर आल्यावर हात वर कर म्हणाले, त्याने केला नाही की कळलं नाही, आणि बंदुकीचा दस्ता त्याच्या उजव्या हातावर बसला.

शेजारी मात्र त्या दिवशी सकाळपासून शीव कोळीवाड्याला गेला होता. गिरणीचं दार बंद दिसल्यावर, रिकामा बसण्यापेक्षा खोलीसाठी सुकी मासळी तरी आणावी म्हणून. परत आला तेव्हा हातात सुकटीची टोपली आणि खोली रिकामी. तो उंबऱ्यावर बसून होता. मला बघून म्हणाला, "मी खोलयेर नाय आसलंय रे, मी नाय आसलंय." आणि रडायला लागला.

दादाला आणि बाकीच्यांना सहा महिने सक्तमजुरी झाली. शनिवारी साहेबाने मला बोलावून हात पुढे केला. गोळी न झाडता जिंकलेली लढाई, त्याहून उत्तम काही नाही, आणि त्यात तुझा वाटा आहे, असं म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं मला आनंद होईल. पकडलेल्यांत माझा भाऊ आहे हे मी त्याला सांगितलं नाही. दंगलीत सापडलेल्याचा भाऊ म्हटल्यावर कचेरीत मला कोण ठेवणार होतं? मी 'थँक यू सर' म्हणालो आणि सुतळी हातात घेतली.

सहा महिने दर रविवारी शेजारी तुरुंगाच्या दारात जाऊन बसायचा. भेट मिळो न मिळो. तिथल्या नाक्यावरचा एक शिपाई बाजूच्या गावचा निघाला, त्याच्याशी गोड बोलून हा आत निरोप पोचवायचा, कधी गुळाचा खडा पोचवायचा. बाहेर राहून खोली त्याने एकट्याने टिकवली. मी दोनदा गेलो, लांब उभा राहिलो, आणि कुणी ओळखीचं दिसेल म्हणून परत आलो.

दादा सुटून आला तो म्हातारा होऊन. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी बसली होती. मागावर तुटलेला धागा पकडून गाठ मारायला बोटं लागतात, त्यामुळे गिरणीचं दार त्याला कायमचं बंद झालं. तो भिंतीला टेकून बसायचा आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायचा. "ते आमच्या पाठसून धावलेच नाय. सरळ हंय येवन रवले. तेंका कसा कळला?" सगळी खोली त्यावर विचार करत बसायची. मीही बसायचो, कपाळाला आठ्या घालून. शेवटी दादा एक दिवस म्हणाला, "आपल्यातल्याच कोणीतरी सांगल्यान."

त्या वाक्यानंतर फार वेळ लागला नाही. कोण सापडला नव्हता? शेजारी. कोण नेमका त्याच दिवशी शीवला गेला? शेजारी. पोलिसाशी कुणाची ओळख? शेजाऱ्याची. तुरुंगाच्या दारात बसून त्याने जे जे केलं होतं ते सगळं त्याच्या गळ्यात आलं. जो माणूस कमी भरला म्हणून दादा परत बाहेर आला, तोच हा. दादाला ते पटलं, आणि एकदा पटल्यावर तो त्यातून हलेना. मी समोर होतो.

खोलीने ठरवलं, येत्या रविवारी गावाला पत्र घालायचं. ह्याने गावच्या माणसांना पोलिसांच्या हाती दिलं, म्हणून. असं पत्र गेलं की काय होतं ते मी गावात पाहिलं होतं. त्या घरचा विस्तव कुणी नेत नाही, त्या घरात कुणी जात नाही, मेलं तर खांदा द्यायला कुणी येत नाही. शिमग्याला देवाची पालखी प्रत्येक दारात थांबते, ती त्या दारावरून सरळ पुढे जाते. गावात त्याची आई एकटी होती. आणि पत्र लिहायला मी, कारण खोलीत लिहिता येणारा दुसरा कोण होता?

शनिवारी सकाळी मी कचेरीला निघालो तेव्हा शेजारी गिरगावात माझ्या जिन्याखाली उभा होता. खोलीतून त्याला आधीच बाहेर काढलं होतं, वळकटी काखेत होती. त्याने मला साहेबा म्हटलं नाही. त्याने माझे पाय धरले, भर रस्त्यात, माझ्याहून वयाने मोठा माणूस. म्हणाला, "मी नाय सांगूक. आवशीची शपथ, नाय. माझा काय होयत ता होवंदे, पण पत्र गेला तर आवस मरतली. तू शिकलेलो. तू दादाक एकदा सांग, हेचा काम नाय म्हणान. तुझा ते आयकतीत."

आणि ते खरंच होतं. माझं त्यांनी ऐकलं असतं. मुंबईत त्या क्षणी असा एकच माणूस होता, की ज्याला शेजारी निर्दोष असल्याचं शपथेवर ठाऊक होतं, आणि नेमके त्याचेच पाय त्याने धरले होते. मला कचेरी दिसली, खुर्ची दिसली, दादाची वाकडी बोटं दिसली. दादाचं तोंड दिसलं, पुस्तक ऐकत बसलेलं. ते तोंड माझ्याकडे परत कधी वळणार नाही ह्याची मला मरणाची भीती वाटली. मी पाय सोडवून घेतले. गावच्या बोलीत नाही, कचेरीच्या मराठीत म्हणालो, "तू सांगितलं नाहीस हे मला काय ठाऊक?"

त्याला ते पटलं. चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणाला, "ता पण खराच. तुका कसा ठावक आसतला." मग वळकटी उचलून तो निघून गेला.

रविवारी मी पत्र लिहिलं. दादाने खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला. त्या शिमग्याला पालखी त्याच्या आईच्या दारात थांबली नाही.